लंडनच्या पोटांतून

साठी उलटलेल्या मनुष्यास नवी विद्या येत नाहीं, असा आपल्याकडे समज आहे. जन्मभर इतरांस शिकवीत आलेल्या शिक्षकाविषयीं तर तो अधिकच दृढ असतो, आणि तो अगदींच निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. तथापि गतवर्षीं मुलाकडे लंडनला गेलों असतां एक विद्या मीं थोडीबहुत संपादन केली. ती म्हणजे परक्या शहरांत, कोणाचें बोट न धरतां, सार्वजनिक वाहनांतून हिंडण्याची.

मुलगा शहराच्या उत्तरेस हेंडन भागांत राहतो. पहिले पंधरा दिवस मी घरांतच होतों. तो व सूनबाई दोघेंहि नोकरीवर जात; रविवार आला म्हणजे मला एखाद्या नाजूक भांड्याप्रमाणें जपून बाहेर काढीत व जपून परत ठेवीत. त्यांच्या प्रेमांत कांहीं उणें नव्हतें. परंतु ज्यानें पस्तीस वर्षें शाळेच्या सहली नेल्या, त्याचा रस्ता ओलांडतांना कोणी दंड धरावा, हें मनास लागे. एके रात्रीं मीं सांगितलें, "उद्यां लोकमान्यांचें घर पाहून येतों. एकटा."

"बाबा, शनिवारपर्यंत थांबा. मी नेतों तुम्हांला."

"मला कोणी न्यायला नको आहे. मला जायचें आहे," मी जरा तुटकपणेंच बोललों. तो गप्प झाला. सकाळीं उठून पाहतों तों मेजावर एक कार्ड व भुयारी रेल्वेचा एक नकाशा ठेवलेला.

ही रेल्वे १८६३ सालीं पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी प्रथम धांवली, तीहि वाफेच्या इंजिनावर. जगांतील ही पहिलीच भुयारी रेल्वे. आज तिचीं २७२ स्थानकें आहेत. एवढा पसारा हॅरी बेक नांवाच्या आरेखकानें १९३१ सालीं एका कागदावर आणला, व १९३३ मध्यें तो नकाशा लोकांच्या हातीं आला. त्यांत खरीं अंतरें नाहींत, वाटांचीं वळणें नाहींत. आडव्या, उभ्या व तिरप्या सरळ रेघा आणि प्रत्येक मार्गास एक रंग, एवढेंच. जमिनीखालीं असलेल्या माणसास वर कोणती पेठ आहे याच्याशीं काय कर्तव्य? कोठें चढावें, कोठें गाडी बदलावी, कोठें उतरावें, इतकेंच त्यास हवें. अनावश्यक तें सर्व गाळावयाचें, हें लाघव आमच्या सूत्रकारांचें! मात्र सूत्रास भाष्य लागतें, तसें या नकाशासहि लागतें. कॉव्हेंट गार्डन व लेस्टर स्क्वेअर हीं दोन स्थानकें नकाशांत चांगलीं दूर दिसतात; प्रत्यक्षांत त्यांत ३०० मीटरांचेंहि अंतर नाहीं. तेवढ्यासाठीं गाडी धरणारा भोळा पाहुणा वरखालीं करण्यांतच अधिक दमतो.

तिकीट असें काढावें लागत नाहीं. दारांतील पिवळ्या वर्तुळावर कार्ड टेकवावें, उतरल्यावर बाहेर पडतांना पुन्हां टेकवावें, कीं भाड्याचा हिशेब पुरा होतो. २००३ सालीं यासाठीं ऑयस्टर नांवाचें कार्ड निघालें. २०१४ पासून भुयारी गाडीस साधें बँकेचें कार्डहि चालतें. त्याच वर्षापासून बसगाड्यांत रोकड घेणें बंद झालें. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभें राहावें व डावी बाजू घाईच्या लोकांस सोडावी, हा तेथील शिष्टाचार.

काळ्या रेघेनें एम्बँकमेंटपर्यंत जाऊन तेथें तपकिरी रेघ धरावयाची, अशी माझी वाट होती. या तपकिरी मार्गाचें नांव बेकरलू. बेकर स्ट्रीट व वॉटरलू यांचा हा समास. मधलें पद तर लोपलेंच, वर उत्तरपदाचें मस्तकहि उडविलें आहे! वॉरिक अॅव्हेन्यूला उतरून मी हॉवले प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरापुढें उभा राहिलों. चिरोल खटल्याकरितां विलायतेंत आलेले लोकमान्य १९१८-१९ मध्यें येथें राहिले. भिंतीवर तशी निळी पाटी आहे. मीं पादत्राणें काढून नमस्कार केला. कोणाचेंहि तिकडे लक्ष नव्हतें.

परततांना एम्बँकमेंटला उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर आलों. फलाट वळणाचा, म्हणून गाडी व फलाट यांत फट राहते. ती सांभाळा, अशी घोषणा तेथें होत असते. तो आवाज ऑस्वल्ड लॉरेन्स नांवाच्या नटाचा आहे. तो २००७ सालीं वारला. त्यानंतर त्याची पत्नी केवळ तो आवाज ऐकण्यासाठीं त्या फलाटावर येऊन बसे. २०१२ मध्यें नवें यंत्र आलें व तो आवाज गेला. तिनें विनंति केली, आणि २०१३ मध्यें त्या एका फलाटापुरता तो पुन्हां आणण्यांत आला. सूनबाईनें हें मला सांगितलें होतें. मीं तीन गाड्या जाऊं दिल्या. माझी पत्नी जाऊन चार वर्षें झालीं. तिचा आवाज कोठेंहि नोंदलेला नाहीं. चौथ्या गाडींत डोळे पुसतच शिरलों.

येथेंच चूक झाली. कॅम्डन टाउननंतर काळ्या रेघेस दोन फांटे फुटतात. चॉक फार्म यावयाचें तें केंटिश टाउन आलें. वाचण्यांत चूक झाली असेल, असें म्हणेपर्यंत दारें मिटलीं. टफनेल पार्कला उतरलों. फोन घाईंत घरींच विसरलेला! एका तरुणास विचारलें. त्यानें कानांतलें यंत्र काढून शांतपणें ऐकून घेतलें, मला समोरच्या फलाटावर आणून सोडलें, आणि येणाऱ्या गाडीच्या कपाळाकडे बोट दाखविलें. गाडी कोठें जाणार तें तेथेंच लिहिलेलें असतें. गाडीचा ललाटलेख मीं वाचलाच नव्हता.

हेंडनला वर आलों तेव्हां तासभर उशीर झाला होता. दारापलीकडे मुलगा उभा होता, कचेरीच्या कपड्यांतच, चेहरा उतरलेला. गर्दी होती म्हणून सांगावें असें क्षणभर वाटलें. पण पोरांकडून चुका कबूल करवून घेणाऱ्या तोंडांतून तें निघेना.

"भलत्याच गाडींत बसलों रे," मीं म्हटलें.

तो पाहत राहिला आणि मग हंसला. "बाबा, इथें आल्यावर पहिल्या महिन्यांत मी तीनदां असाच हाय बार्नेटला गेलों होतों. तुम्हांला कधीं सांगितलें नाहीं."

त्या महिन्यांतील त्याचे फोन मला आठवले. 'सर्व ठीक आहे' यापलीकडे त्यांत शब्द नसे.

पुढील शनिवारीं मीं त्याला लोकमान्यांचें घर दाखविण्यास नेलें. इतकीं वर्षें तेथें राहून त्यानें तें पाहिलें नव्हतें. गाडी आली तेव्हां तिच्या कपाळावरील नांव आम्ही दोघांनींहि वाचलें.