मेलेली माशीही हलते

गेल्या पावसाळ्यात खिडकीत एक हिरवी माशी मरून पडलेली सापडली. डोकं जेमतेम ३ मिलिमीटर. जुना मायक्रोस्कोप घरात होताच. त्यावर कॅमेरा बसवला. वाटलं, तासाभरात फोटो होईल. तीन आठवडे गेले.

अडचण अशी की १० एक्सच्या भिंगाखाली एका वेळी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग स्पष्ट दिसतो. डोळा नीट दिसला की मिशा पुसट. म्हणून कणाकणाने फोकस सरकवत फोटो काढायचे आणि संगणकावर एकत्र करायचे. हेच फोकस स्टॅकिंग. माझ्या फाइन फोकसच्या नॉबवर एक रेघ म्हणजे २ मायक्रॉन. दर फोटोला तीन रेघा. सव्वा मिलिमीटर खोलीला जवळपास २०० फोटो झाले.

पहिल्या रात्रीचे सगळे हललेले निघाले. पंखा चालू होता. बंद केला तर बायको म्हणाली, "मेलेल्या माशीसाठी आम्ही उकाड्यात बसायचं?" मग रात्री सगळे झोपल्यावर हॉलमध्ये काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी माशीच नाही. मुंग्यांनी नेली. आता नवी माशी टाचणीवर टोचून, दुधाच्या पातेल्यासारखी पाण्याच्या ताटलीत ठेवतो.

अंग इतकं चकाकत होतं की दिव्याचे पांढरे डागच दिसायचे. टेबलटेनिसचा चेंडू अर्धा कापला, भिंगापुरतं भोक पाडलं आणि माशीवर टोपीसारखा ठेवला. उजेड बाहेरून. पाच-दहा रुपयांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

तरी मिशा दुहेरी येत होत्या. दोन दिवस मी टेबलाला दोष दिला. मग पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून पाहिले. दिव्याच्या उबेने माशी वाळत होती आणि मिशी हळूहळू खाली वाकत होती. फार वाळवली तर डोळे खपाटीला जातात. म्हणून आता माशी फक्त दोन-तीन तास वाळू देतो, मगच सुरू करतो, तेही दिवा लांब ठेवून.

फोटोंची जोडणी झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये केली. त्यातल्या डीमॅप पद्धतीत एकमेकांवरून गेलेले केस गायब झाले, पीमॅक्सने ते राखले. फोटो थोडा दाणेदार झाला, चालतं.

तुम्ही सुरुवात ४ एक्सने करा, चाळीसेक फोटोंत भागतं. आणि माशी आधी मऊ ब्रशने झटकून घ्या. मी घेतली नाही. माझ्या फोटोत डोळ्यांपेक्षा आमच्या खिडकीतली धूळच जास्त स्पष्ट आली आहे.