उजव्या हाताची तर्जनी

बाबांना इंग्रजी वाचता यायचं, पण अमेरिकी बोलणं कानाला उमगायचं नाही. त्यामुळे नाशिकच्या घरी इंग्रजी कॅसेट लागली की मी त्यांच्या शेजारी बसून संवाद मराठीत सांगत जायचे. 1993 च्या मे महिन्यात अशीच एक कॅसेट आणली, ‘द एक्झॉर्सिस्ट 3’. व्हिडिओ लायब्ररीवाल्याने ती भुताच्या कप्प्यातून काढून दिली होती. बाबा तेव्हा फौजदार होते. भुताखेतांत त्यांना काडीचा रस नव्हता, सुट्टी होती म्हणून ते बसले.

पहिल्या अर्ध्या तासात भूत नाहीच. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागातला किंडरमन नावाचा वयस्क डिटेक्टिव्ह, आणि त्याचा दोस्त फादर डायर. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा एक मित्र, फादर कॅरस, तिथल्या उंच दगडी जिन्यावरून पडून गेला. दर वर्षी त्या दिवशी दोघं मिळून एक जुना सिनेमा बघतात. निघताना प्रत्येक जण आपापल्या माणसाला सांगतो, मी जातोय तो त्याचं मन रमवायला. सिनेमानंतर किंडरमन घरी जायला तयार नसतो, कारण सासूने ताजा राहावा म्हणून कार्प मासा बाथटबमध्ये जिवंत सोडलाय. त्याचे हलणारे कल्ले याला बघवत नाहीत. किंडरमन झालेला जॉर्ज सी. स्कॉट हे इतक्या कळवळून सांगतो की मी भाषांतर करायचं विसरले. बाबांनी कोपराने ढोसलं, “अगं, काय म्हणाला?” मी सांगितलं. ते म्हणाले, “दिवसभर प्रेतं बघितलेला माणूस आहे. त्याला आता मासाही बघवायचा नाही.”

मग खून वाढत जातात. पद्धत जेमिनी नावाच्या खुन्याची, आणि त्याला तर पंधरा वर्षांपूर्वीच देहदंड झालेला. किंडरमन सहकाऱ्यांना समजावतो की खोटे कबुलीजबाब देणारे ओळखू यावेत म्हणून पोलिसांनी वर्तमानपत्रांना मुद्दाम चुकीचा तपशील दिला होता. छापून आलं डाव्या हाताचं मधलं बोट. खुनी तोडायचा ती उजव्या हाताची तर्जनी. हे पोलिसांबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता प्रेतांची तर्जनीच गायब आहे. बाबा ताठ बसले. “बरोबर,” ते म्हणाले, “पेपरात सगळं द्यायचं नसतं. एक गोष्ट मागे ठेवायची.” तेव्हापासून हा सिनेमा त्यांच्या लेखी भुताचा राहिला नाही, तपासाचा झाला. मला वाटतं, त्यांनी तो बरोबर ओळखला होता.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा प्रसंग मात्र त्यांनी माझ्या मदतीशिवाय पाहिला, कारण त्यात भाषांतर करण्यासारखं जवळजवळ काही नाही. रात्रपाळी. कॅमेरा लांबवर एका जागी ठेवलेला. टेबलाशी नर्स, आसपास पहाऱ्यावरचे पोलीस. नर्स एका खोलीत जाते, दचकते, परत येते. काहीच घडत नाही. कॅमेरा तसाच, जवळ जात नाही. बाबा पुटपुटले, “तो पोलीस हलला की संपलं.” पोलीस हलला. नर्सने दुसऱ्या खोलीत डोकावून दाराला कुलूप लावलं, वळली, आणि तिच्या मागून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं कुणीतरी प्रेत कापायची मोठी कात्री पुढे धरून बाहेर आलं. मी किंचाळले. कैदी वॉर्डावर रात्री काढलेले बाबा पहिल्यापासून बघत होते फक्त पहाऱ्याकडे.

शेवट मात्र दोघांनाही रुचला नाही. फादर मॉर्निंग नावाचा धर्मगुरू अचानक उगवतो, आग, विजा, फाटणारी जमीन. एवढा वेळ बारकाईने चाललेला तपास मधेच टाकून दिल्यासारखा.

कारण पुढे वाचनात आलं. विल्यम पीटर ब्लॅटी यांनी हा सिनेमा स्वतःच्याच ‘लीजन’ या 1983 च्या कादंबरीवरून लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यांच्या मूळ चित्रपटात भूत उतरवण्याचा विधीच नव्हता. निर्मात्यांचं म्हणणं पडलं की नावात एक्झॉर्सिस्ट आहे तर विधी हवाच. 1990 मध्ये प्रदर्शित होण्याआधी शेवट पुन्हा चित्रित झाला, फादर मॉर्निंग आणला गेला. सिनेमात कोठडीत एक रुग्ण आहे, कॅरसच्या देहात शिरलेला जेमिनी. आधी तो ब्रॅड डूरिफने एकट्याने साकारला होता, आता काही दृश्यांत त्याच्या जागी जेसन मिलर, 1973 च्या पहिल्या ‘एक्झॉर्सिस्ट’मधला कॅरस, आला. कापलेली फिल्म पुढे सापडलीच नाही.

2016 च्या ऑक्टोबरमध्ये स्क्रीम फॅक्टरीने दोन डिस्कचा ब्लू-रे संच काढला. दुसऱ्या डिस्कवर ब्लॅटींची मूळ रचना होती, शक्य तितकी पुन्हा जुळवलेली. फिल्म नसल्यामुळे हरवलेली दृश्यं घेतली होती चित्रीकरणाच्या वेळच्या व्हीएचएस टेपवरून. माझ्या आतेभावाने डिसेंबरात अमेरिकेतून तो आणला. आमच्या प्लेअरमध्ये घातला तर पडद्यावर नकाराची पाटी. अमेरिकेची ब्लू-रे ए विभागाची, भारत सी विभागात. हे मला आधी तपासायला हवं होतं. सगळे विभाग चालवणारा प्लेअर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळेपर्यंत जानेवारी उजाडला, आणि ब्लॅटी 12 तारखेला गेल्याची बातमी आली. आम्ही त्याच रविवारी डिस्क लावली.

बाबा एकोणऐंशीचे होते. मी पुन्हा शेजारी. चित्र स्वच्छ, धारदार चालायचं, आणि मधेच कडा विरघळायच्या, रंग एकमेकांत उतरायचे, आडव्या रेघा थरथरायच्या. 1993 ची आमची कॅसेट अशीच दिसायची. बाबांना ते खटकलं नाही. डूरिफ सलग तोच रुग्ण असल्यामुळे कोठडीतली चौकशी आता खरी चौकशी वाटत होती, समोरासमोर दोन माणसं, मधे कुणी नाही. जेसन मिलरच्या खंगलेल्या चेहऱ्याची मला उणीव भासली, हे कबूल करते. तो चेहरा मिळतो म्हणून पहिली डिस्कही मी जपते.

या रचनेत शेवटी विधी नाही, आग नाही. किंडरमन कोठडीत येतो, रुग्णावर गोळ्या झाडतो, चित्रपट संपतो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी त्या माणसाने स्वतः सांगितलं होतं ना, मार म्हणून?”

“हो. त्या शेवटात कॅरस शुद्धीवर येऊन विनवतो.”

“इथे कुणी सांगितलं नाही. कोठडीतल्या माणसावर झाडली.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “याला आता जबाब द्यावा लागेल. आणि काय देणार?”

चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर ते हे बोलत होते, आणि त्यांना उत्तर हवं होतं. मी दोन्ही शेवटांबद्दल इतकं वाचलं होतं, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. विधीच्या ज्वाळांनी झाकला गेला होता तो हाच.

“परत लाव,” बाबा म्हणाले. “शेवट नको. तो मासा सांगतो तिथून.”