दारावरचा गोसावी

२०१८चा जून. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तेच: मुलं पळवणारी टोळी आलीय. एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात. ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात, तेवढंच कापलेलं. हे मागाहून कळलं. मी बी.एड. झालेली, 'वाचलेलं पडताळा' म्हणून वर्गात सांगणारी. तरी दोन मेसेज मीही फॉरवर्ड केले. आमच्या गल्लीतलं एकही मूल हरवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दारात डवरी गोसावी आला. दर वर्षी पावसाच्या तोंडावर यायचा, अम्मीला 'माई' म्हणायचा. ती पीठ आणायला उठली. मी तिला थांबवलं, कडी लावली आणि खिडकीतून त्याची झोळी बघत राहिले. केवढी आहे ते.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना मारून टाकलं. पाचही नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं ठरवलं. माझे दोन त्याआधीच गेले होते.

आभाळ भरून आलं की अम्मी अजून विचारते, तो गोसावी पुन्हा का नाही आला?