नाव नसलेलं पोस्टर

1989 सालच्या 'बॅटमॅन'चं पहिलं पोस्टर आठवून बघा. सोनेरी लंबगोल, त्यात काळं वटवाघूळ, आणि खाली फक्त तारीख: 23 जून. सिनेमाचं नाव नाही. जॅक निकल्सनसारखा तालेवार नट घेतलेला, पण त्याचा चेहराही नाही. मजा म्हणजे कित्येकांना त्यात वटवाघूळ दिसलंच नाही. आ वासलेलं तोंड दिसलं, दात आणि पडजिभेसकट. एकदा ते तोंड दिसलं की वटवाघूळ परत आणायला डोळ्यांची बरीच मनधरणी करावी लागते. तरी लोकांनी ही पोस्टरं बसथांब्यांवरून पळवून नेली. मायकेल कीटनसारखा विनोदी नट बॅटमॅन होणार म्हणून चाहते आधीच खवळले होते. चेहरा लपवण्यात तीही सोय असावी, असा आपला माझा संशय.

आपल्याकडची रीत याउलट, वाढलेल्या ताटाची: पोस्टरवर सगळेच चेहरे हजर. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमा काढला आणि पोस्टरंही रंगवली. पुढे दिवाकर करकरे यांच्या सुरीच्या फटकाऱ्यांतून नायकांचे तापलेले चेहरे आले. त्या गर्दीवर माझा जीव आहे. खालच्या कोपऱ्यातला खलनायकसुद्धा तिथे मन लावून रंगवलेला असे.

हल्लीचे टीझर मात्र कंजूष. पाठमोरा नायक, धुरळा, हातात कोयता आणि 'लवकरच'. लपवलंय खूप, पण काय लपवलंय याची हुरहुर लागत नाही. वटवाघळाचं निभावलं, कारण ते 1939 पासून वाचकांच्या डोक्यात घर करून होतं. कोरी गोष्ट सांगणाऱ्याने काय झाकायचं?

1979 च्या 'एलियन'ने यावर अफलातून तोड काढली. काळोखात एक अंडं, तडकलेलं, फटीतून हिरवट उजेड. अंडं सगळ्यांच्या ओळखीचं, उजेड कुणाच्याच नाही. गंमत अशी की सिनेमातली अंडी मुळी तशी दिसतच नाहीत. ती ओलसर, मांसल, वर पाकळ्यांसारखी उघडणारी. पोस्टर सरळसरळ थाप मारतं, आणि थिएटरात ती कुणाला खुपत नाही.

असं अंडं आज कुणी मराठी निर्मात्यासमोर ठेवलं, तर पहिला प्रश्न येणार, "हिरो कुठाय?" 'एलियन'च्या नायिकेला, सिगर्नी वीव्हरला, तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं, हे त्या अंड्याचं नशीब.