बुडबुडा मध्यावर

लक्ष्मीपूजनाला आमच्या गाळ्याचं शटर खाली येतं, ते भाऊबीजेनंतरच वर जातं. पोरं गावाला गेलेली असतात, साकीनाक्याची औद्योगिक वसाहत चार दिवस मुकी होते. पाडव्याच्या सकाळी मी मुलुंडहून निघतो. बायकोला याची सवय झाली आहे. "माझ्या सवतीला फराळ नेणार की नाही?" एवढंच विचारते आणि चिवड्याचा डबा हातात देते.

दुसऱ्या हातात एक लाकडी पेटी असते. तिच्यात पोलादी पट्टीत बसवलेली काचेची नळी, नळीत द्राव आणि द्रावात एक बुडबुडा. ही लेव्हल गवंड्याच्या पाणसळीच्याच कुळातली, पण फार नाजूक मनाची. हिच्या काचेवरची एक रेघ म्हणजे मीटरभर लांबीत २० मायक्रॉनचा चढ. वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. त्याचे पाच पापुद्रे काढता आले आणि त्यातला एक मीटरभर पट्टीच्या एका टोकाखाली सरकवला, तर बुडबुडा एक रेघ हलेल. हे यंत्र घेऊन मी ३० टनांच्या मशिनची पातळी बघायला जातो. पावसाळाभर जमीन पाणी पिते, मग सुकते आणि तेवढ्यात काहीतरी हललेलं असतं. चालू कामात एवढा निवांतपणा मिळत नाही, म्हणून हे काम दिवाळीचं.

मशीन आलं ते १९९९ च्या डिसेंबरात, न्हावाशेव्याहून, रात्री दोन वाजता, कारण एवढा मोठा ट्रेलर दिवसा शहरात आणणं शक्यच नव्हतं. तैवानी बनावटीचं डबल कॉलम सीएनसी मिलिंग मशीन. दोन जाडजूड खांब, त्यांवर आडवी तुळई, तुळईवर सरकणारं डोकं आणि खांबांमधून ये-जा करणारं तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद टेबल. आमचा कोल्हापूरकडचा फिटर बघताक्षणी म्हणाला, "ही तर गावाची वेस!" तेव्हापासून गाळ्यात त्याचं नाव वेस. वेस आत घ्यायला गाळ्याची पुढची भिंत पाडावी लागली. जड मशिनं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम पहार हातात घेऊन पुढे, खाली लोखंडी पाइपांचे रूळ, मागचा पाइप सुटला की उचलून पुढे टाकायचा. तीस फूट अंतर कापायला सकाळचे दहा वाजले. इतक्या वेळात कोणी आवाज चढवला नाही. मुकादम फक्त बोटं हलवत होता.

त्याआधी दोन महिने पाया चालू होता. दीड मीटर खणलं आणि तळाला पाणी लागलं. मिठी नदी शेजारी आहे, हे तिने असं कळवलं. पंप लावून पाणी उपसलं, सळया बांधल्या, काँक्रीट ओतून २८ दिवस मुरू दिलं. भोवती चार बोटं फट ठेवून ती मऊ भरावाने भरली, म्हणजे शेजारच्या गाळ्यातल्या पॉवर प्रेसचे दणके आमच्या पायापर्यंत पोचू नयेत. मुंबईच्या उपनगरात अचूक मशीन बसवायचं, म्हणजे सगळ्या जगाशी जमीन तोडून घ्यायची.

पाहुणे विचारतात, एवढं धूड कशाला? पोलाद कापायला लागणारी मोटर पंधरा-वीस किलोवॉटची. स्कूटरच्या इंजिनाहून ती दोन-तीनपट, बस. मग बाकीचे टन कशासाठी? मी सांगतो, न हलण्यासाठी. लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर असतं, मिलिंगमध्ये उलटं. इथे फिरणारा कटर जॉबवर घाव घालत जातो. ६३ मिलिमीटर व्यासाचा कटर घ्या, त्याला पाच दात (आम्ही त्यांना इन्सर्ट म्हणतो), मिनिटाला ७५० फेरे. म्हणजे मिनिटाला पावणेचार हजार घाव. प्रत्येक घावाबरोबर खांब केसभर मागे झुकायला बघतो, पुन्हा पुढे येतो. ही झुलण्याची लय आणि घावांची लय जुळली की चॅटर सुरू होतो. गाळ्यात किंचाळी उठते आणि पोलादावर लाटा उमटतात, खाचांच्या लाटण्याने लाटलेल्या पापडासारख्या. असा जॉब शेठला दाखवायचा नसतो. बिडाचा जाड बेड ही थरथर गिळतो. मोठ्या मशिनचा नाद मला लागला तो त्याच्या ताकदीमुळे लागला असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं म्हणजे मी त्याच्या स्तब्धपणावर भाळलो होतो.

बाबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. गिरणगावात लूमला साचा म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांसाठी ती गिरणी पुन्हा उघडली नाही. आम्ही चाळीतली खोली सोडून मुलुंडला आलो, मला आयटीआयत मशिनिस्टच्या ट्रेडला घातलं. १९८६ मध्ये अंधेरीच्या एमआयडीसीत, मरोळला, मी कामाला लागलो. तिथल्या जुन्या मशिनला कागदी पट्टीवरून हुकूम मिळत. पट्टीवर भोकांच्या रांगा, त्या वाचून टेबल आपोआप सरके. वाया गेलेला एक तुकडा मी घरी आणला. बाबांनी तो बल्बसमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अरे, हे तर जॅकर्डचं कार्ड आहे. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. आमच्याकडे नक्षी अशीच विणायचे."

बाबांना जे दिसलं ते मला पुस्तकात पुढे बऱ्याच वर्षांनी मिळालं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा बाक कसोशीने हवा, म्हणून त्याने पंचकार्डाच्या यंत्रांवर वक्राच्या शेकडो बिंदूंचे आकडे काढून घेतले. मग मशिनपाशी माणसं उभी केली. आकडे ओरडून सांगायचे आणि दोन ऑपरेटरांनी आपापलं चाक तेवढंच फिरवायचं. यातली माणसं काढून त्यांच्या जागी मोटरी बसवायच्या, हा पुढचा विचार. एमआयटीने तो तडीस नेला आणि १९५२ मध्ये पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. त्या पट्टीची जागा पुढे संगणकाने घेतली, तेव्हा एनसीचं, म्हणजे न्यूमरिकल कंट्रोलचं, सीएनसी झालं. बाबांचा साचा आणि माझं मशीन यांच्यात असं नातं निघालं. पुढे मी वेसेवर जे काम आयुष्यभर केलं, त्यालाही साचाच म्हणतात: प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे.

तुम्ही लग्नाच्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलाच असाल. तिचा साचा काही टनांचा असतो. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत खुर्चीची आतली आणि बाहेरची बाजू उलटी कोरायची, दोन्ही मिटले की मधल्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक शिरतं. मिटल्यावर सांध्यात फट राहिली तर प्लास्टिक तिच्यातून बाहेर झिरपतं. खुर्चीच्या कडेला मांडीला बोचणारी पातळ धार असते ना, ती म्हणजे कुठल्यातरी मिलिंगवाल्याची चूक. मी मांडवात गेलो की आधी खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवतो. मग वधूवरांकडे बघतो.

पाठीचा तो मऊ बाक कोरायला टोकाशी गोल असलेला कटर वापरतात. शेतकरी नांगराचे तास घालतो तसा तो शेजारी-शेजारी रेघा मारत जातो आणि दोन रेघांमध्ये बारीक वरंबा राहतो. २० मिलिमीटरचा कटर आणि एक मिलिमीटरचं अंतर असेल तर वरंबा साडेबारा मायक्रॉनचा. अंतर निम्मं केलं की वरंबा चौथाईवर, तीन मायक्रॉनवर येतो. गणित गोड आहे, पण वेळ दुप्पट लागतो. शेठ तास मोजतो, पॉलिशवाला वरंबे मोजतो, आणि मशीन लावणारा माझ्यासारखा सेटर दोघांच्या मधे उभा असतो. माझी सगळी नोकरी या अर्ध्या मिलिमीटरच्या तडजोडीत गेली.

दुसरी तडजोड उन्हाशी. लांबी मोजायचं जागतिक तापमान २० अंश सेल्सियस आहे. १९३१ मध्ये ठरलं. ठरवणाऱ्यांनी साकीनाक्याचा मे महिना बघितला नसावा. पोलाद मीटरमागे, अंशामागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. पत्र्याखाली सकाळी २६ अंश आणि दुपारी ३३ असतील, तर दोन मीटरचा जॉब दुपारपर्यंत १६० मायक्रॉनने लांबतो. दोन केसांची जाडी झाली. त्यात मशीनही वाढतं, पण जॉबच्या बरोबरीने वाढेलच असं नाही. म्हणून आमच्याकडे रफिंग दिवसा आणि फिनिशिंग रात्री. जॉब संध्याकाळीच टेबलावर बांधून ठेवायचा, त्याला मशिनच्या तापमानाला येऊ द्यायचं, स्पिंडल वीस मिनिटं मोकळा फिरवून गरम करायचा आणि साडेदहानंतर शेवटचा हात. एकदा सुरू केला की मधे थांबायचं नाही, नाहीतर थांबल्याची रेघ खुर्चीच्या पाठीवर कायमची राहते. अशा रात्री मी खांबाला तळहात लावून उभा राहायचो. स्क्रीनवरचे आकडे नंतर, हाताला आधी कळतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी आमच्या गाळ्यात आली. दुपारी घोट्याएवढी होती, रात्री कमरेएवढी. आम्ही चौघं पोटमाळ्यावर बसून वेसेचं टेबल पाण्याखाली जाताना बघत होतो. मेन स्विच आधीच पाडला होता, तेवढंच हातात होतं.

पाणी उतरल्यावर उरला चॉकलेटी चिखल आणि डिझेलचा वास. सरकते भाग पुसून तेल चोपडलं, पॅनेल स्वच्छ पाण्याने धुऊन गरम हवेवर सुकवलं, स्पिंडल उघडून बेअरिंगा बदलल्या. पण खरं दुखणं कंट्रोलरचं होतं. त्या काळच्या कंट्रोलरमध्ये मशिनची सगळी ओळख, कोणता अक्ष किती लांब, कुठे थांबायचं, स्क्रूत किती चूक धरायची, ही एका बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असे. बॅटरी बुडाली आणि मेमरी कोरी झाली. तीस टनांचं मशीन उभं होतं, पण आपण कोण हे त्याला आठवत नव्हतं.

पोटमाळ्यावर, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली, एक दोनशे पानी वही होती. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी आणि एका हेल्परने कंट्रोलरच्या पडद्यावरचे आकडे तिच्यात हाताने उतरवून घेतले होते. तेव्हा सगळे हसले होते. आता एकाने वहीतून आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बटणं दाबायची, तिसऱ्याने पडताळायचे, असे दोन दिवस गेले. मधेच मला पार्सन्सची माणसं आठवली. त्या वर्षी खंडेनवमीला वेसेला झेंडूचा हार घातला, तेव्हा स्पिंडल फिरत होता. तोवर आमच्याकडचे निम्मे ऑपरेटर जौनपूर-आझमगढकडचे झाले होते. त्यांनी १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा आधीच करून ठेवली होती. मशिनला त्या वर्षी दोन देवांचे आशीर्वाद लागले, आणि एका वहीचा.

आमचं हे मशीन आमच्यापुरतंच मोठं. दोन-तीन किलोमीटरवर पवईला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आहे, तिथली यंत्रं बघितली की वेस म्हणजे घराची खिडकी वाटावी. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ उडालं, त्या रॉकेटच्या दोन बाजूंना ३.२ मीटर व्यासाचे दोन बूस्टर होते, त्यांचे मधले भाग या पवईत घडले. त्याच रॉकेटच्या विकास इंजिनांना विक्रोळीच्या गोदरेजचा हात लागला होता. उड्डाण आम्ही वेसेपाशी उभे राहून मोबाइलवर पाहिलं. टेबलावर तेव्हा बादलीचा साचा होता. एक पोरगा म्हणाला, "चाचा, इन्सर्ट तो वही लगता होगा ना?" म्हटलं, "तसलाच लागतो. आणि तिथेही कोणीतरी खांबाला हात लावून उभा असतो."

यंदाच्या पाडव्याला पेटी उघडली. टेबल पुसलं, लेव्हल ठेवली आणि मागे सरलो. हिला हात लावून थांबायचं नसतं, तळव्याच्या उबेनेसुद्धा बुडबुडा सरकतो. पाच मिनिटं वाट बघायची. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवी. आडवा बुडबुडा दीड रेघ पूर्वेला गेला होता. गेल्या वीस वर्षांत एवढा कधीच गेला नव्हता. पूर्वेला पूर्वी पॉवर प्रेसचा गाळा होता. तो विकला गेला, तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणाआड टॉवरचं पायलिंग. आमची चार बोटांची फट प्रेससाठी पुरत होती. टॉवर आमच्या हिशेबात नव्हता.

आमच्या वसाहतीतले गाळे एकेक करून वसईला, भिवंडीला चालले आहेत. आमचे शेठही जागा बघून आले. वेस न्यायची तर पुन्हा भिंत पाडावी लागेल, पुन्हा तो मुकादम शोधावा लागेल.

मी पान्हा घेऊन पूर्वेकडच्या पॅडचा स्क्रू पाव फेरा फिरवला. मागे सरलो, चिवड्याचा डबा उघडला, थांबलो. बुडबुडा आळसावल्यासारखा निघाला, एक रेघ आला, अडखळला. आणखी थोडा फिरवला. या वेळी तो मध्यावर आला आणि तिथे थांबला. पलीकडचं पायलिंगही दिवाळीमुळे बंद होतं. सोमवारी दोन्ही सुरू होणार होतं.