पोटफोड्या ष

मराठी वर्णमालेत काही अक्षरे कामाची आहेत आणि काही मानाची. 'क', 'म', 'र' ही रोज राबणारी मंडळी. 'पोटफोड्या ष' मात्र मानाचा पाहुणा. षटकोन, षष्ठी अशा मोजक्या घरी उतरायचे आणि शुद्धलेखनाच्या वहीत पोरांचे मार्क कापायचे, एवढेच त्याचे काम. त्याचा सर्वांत मोठा बंगला म्हणजे 'भाषा' हा शब्द. आणि नेमके तिथेच आमच्याकडे त्याला कोणी दार उघडत नाही.

आमचे फुलचूर गोंदिया शहराला लागून आहे. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, मधून हावडा-मुंबई लोहमार्ग. साहजिकच कानांवर मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि द्राविडी कुळातली गोंडी, अशी सगळी पंगत बसते. किलोभर वांग्यांचा भाव ठरेपर्यंत माणूस तीन भाषा ओलांडून येतो. त्यात आमची झाडीबोली मोठी काटकसरी. ण, ळ, श आणि ष हा खर्च तिने केव्हाच बंद केला. पाणी झाले पानी, डोळे झाले डोरे आणि भाषा झाली भासा. काही अडले नाही.

अडले ते आमच्या शाळेत. पश्चिमेकडून बदलून आलेले एक मास्तर होते. 'भासा' ऐकले की त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. "भासा नव्हे रे, भाषा! जीभ टाळूला लाव!" अर्धा वर्ग टाळू शोधत बसे. उरलेल्या अर्ध्याने तोंड उघडणेच सोडून दिले. माझ्या बाकावरचा एक मुलगा गणितात पहिला, पण वर्षभर हजेरीला 'हजर' यापलीकडे त्याने शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी त्याने तोही काढला नाही, कारण तो शाळेतच आला नाही. एका अक्षराने किती जणांचे पोट फोडले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता गंमत पाहा. हाच शब्द दीड-दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी, पुरोहित आणि भिक्षू यांच्याबरोबर गलबतात बसून पूर्वेकडे निघाला. मोसमी वाऱ्याने जायचे आणि वारा फिरेपर्यंत परक्या बंदरात मुक्काम ठोकायचा. एवढ्या मुक्कामात माणूस यजमानाच्या घरी दोन-चार शब्द तरी विसरून येणारच. शिवाय भिक्षूंच्या पालीत श आणि ष नाहीतच. तिथेही 'भासा'च. म्हणजे बुद्धवचने ज्या भाषेत जपली गेली, तीही आमच्या मास्तरांच्या तासाला नापास!

ब्रह्मदेशात या 'भासा'चा उच्चार 'बाथा' असा काहीसा झाला. तिथे त्याचा अर्थ भाषाही आणि धर्मही. हा घोटाळा केवळ शब्दकोशात राहिला तर बरे, आमच्याकडे तो अधूनमधून रस्त्यावर उतरतो. थायलंडात लिहिताना मूळचा ष अजून जपतात, वाचताना मात्र 'फासा' म्हणतात. त्यांच्या वर्णमालेतले तीन स पाहा. एक 'शाले'चा, म्हणजे मंडपाचा. एक ऋषीचा, तोच आपला पोटफोड्या. आणि एक वाघाचा. तिन्हींचा उच्चार चक्क 'स'! ऋषी आणि वाघ एकाच घाटावर पाणी पितात. कोणी कोणाला टाळू शोधायला लावत नाही.

मलायी माणसाने 'भ' फोडून 'बहासा' केले. सुमात्रातल्या पालेंबांगजवळ इ. स. 683 चा जुन्या मलायीतला शिलालेख सापडला आहे, त्यात संस्कृत शब्दांची चांगलीच वर्दळ आहे. पुढे 28 ऑक्टोबर 1928 रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांनी शपथ घेतली : एक मायभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची भाषा 'बहासा इंडोनेशिया'. संख्येने जावानीज बोलणारे कितीतरी अधिक होते. तरी निवडली ती बंदरा-बाजारात सर्वांनी मोडकीतोडकी का होईना, बोललेली मलायी. 1945 च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषा केले. वांग्यांच्या बाजारात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून मूठभर मांस चढते.

या मंडळींनी आपले इतरही शब्द मजेने वापरले. स्वामी तिथे 'सुआमी' झाला आणि त्याचा अर्थ नवरा! आमच्याकडे 'अहो'वर भागते. 'विचार'चा झाला 'बिचारा' आणि अर्थ बोलणे. आपल्याकडे विचार न करता बोलणारे पाहिले की वाटते, बिचारा खरोखरच बिचारा झाला आहे. पण माझा लाडका शब्द 'बुदी बहासा'. बुद्धी आणि भाषा मिळून तिथे अर्थ होतो सभ्यता, चांगली रीतभात. आपणही 'ही काय भाषा झाली?' म्हणतो, तेव्हा व्याकरण विचारत नसतो, रीतभातच विचारत असतो.

मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. आता त्या दर्जाच्या पंगतीत झाडीबोलीलाही पाट मांडावा, एवढेच मागणे. आमच्या आळीतली एखादी म्हातारी "माही भासा" म्हणाली, तर तिला दुरुस्त करायला जाऊ नका. तिच्या बाजूने साक्ष द्यायला बँकॉकपासून जकार्तापर्यंत माणसे उभी आहेत, आणि ती संख्येने जरा जास्त आहेत.