लाल डोंगरांच्या पायथ्याशी सत्तरीतला डाव

वाचकहो, आपल्या बरोबरीचा एखादा गृहस्थ भर मैदानात हातात बॅट घेऊन उभा दिसला, तर आपल्या मनात प्रथम काय येईल? 'याच्या घरचे याला काही म्हणत नाहीत का?' हेच ना? गेली जवळजवळ तीस वर्षे मी जळगावात दवाखाना चालवतो. ते घरचे 'काहीतरी म्हणणे' बहुतेक वेळा माझ्याच तोंडून वदवून घेतले जाते. "डॉक्टर, तुम्हीच सांगा ना यांना, आता बसा म्हणून!" आणि मी सांगतही आलो आहे. गेल्या ऑक्टोबरात एका परक्या गावी त्या सांगण्याचा मला पुनर्विचार करावा लागला, त्याची ही हकीकत.

माझा थोरला चुलतभाऊ चाळीस वर्षांपासून कॅलिफोर्नियात राहतो. वय बहात्तर. महाविद्यालयात असताना आम्ही दोघेही वेगवेगळ्या काळात सॉफ्टबॉल खेळलो. माझा खेळ पदवीबरोबर संपला. दादाचा अजून चालू आहे. "एकदा येऊन बघ तरी," असे तो दरवर्षी म्हणे. अखेर गेलो.

कापसाचे दुसरे गाव

लास व्हेगासहून ईशान्येकडे सुमारे 190 किलोमीटर गेले की यूटा राज्यातील सेंट जॉर्ज हे गाव येते. वाटेत व्हर्जिन नदीने कोरलेल्या अरुंद घळीतून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वर आभाळाची चिंधी. घळ संपते आणि समोर कुंकवाच्या रंगाचे डोंगर उभे राहतात. त्या तांबड्या पसाऱ्यात 1877 साली बांधून पूर्ण झालेले मॉर्मन पंथाचे पांढरेशुभ्र मंदिर दुरूनही उठून दिसते.

1861 साली मॉर्मन पुढाऱ्यांनी काही कुटुंबांना या ओसाड प्रदेशात पाठवले ते कापूस पिकवण्यासाठी. कापूस म्हटला की खानदेशच्या माणसाचे कान टवकारतात. आमची काळी कसदार जमीन कुठे आणि ही लाल वाळू कुठे! तो कापूस तेथे फार काळ टिकला नाही. माणसे मात्र टिकली. आज निवृत्तांचे आवडते गाव म्हणून ते ओळखले जाते. ऑक्टोबरात दुपार उबदार, सकाळ सुखद, आणि हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो.

याच गावी 1987 साली जॉन आणि डेझी मॉर्गन या दांपत्याने ज्येष्ठांच्या क्रीडा मेळाव्याचा आरंभ केला. आज तो 'हंट्समन वर्ल्ड सीनियर गेम्स' या नावाने ओळखला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही प्रवेश. तीसहून अधिक खेळ, दहा हजारांहून अधिक खेळाडू, आणि त्यांत सर्वांत मोठा पसारा सॉफ्टबॉलचा. आरोग्य, मैत्री आणि शांतता हे मेळाव्याचे घोषित उद्देश आहेत. घोषणा पुष्कळ ठिकाणी असतात. येथे त्या मैदानावर उतरलेल्या दिसल्या. शेजारच्या कॅनडातून आलेले संघ, समोर अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतले. सामना संपला की दोन्ही संघ रांगेने एकमेकांच्या हाताला हात लावत जातात, मग टोपीला लावायच्या बिल्ल्यांची देवाणघेवाण होते. आणि मग? मग गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची चौकशी सुरू होते. त्या बाबतीत जगातले सारे ज्येष्ठ एकाच गावचे!

नियम की औषधयोजना?

सॉफ्टबॉलचा जन्मच मुळी घरगुती. 1887 साली शिकागोतील एका बोट क्लबच्या दालनात, मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू आणि काठीची बॅट करून तो प्रथम खेळला गेला. ज्येष्ठांसाठी त्याचा 'स्लो-पिच' हा प्रकार असतो. चेंडूचा घेर बारा इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा. तो खालून, कमानीसारखा उंच टाकायचा. त्यामुळे दृष्टी मंदावलेल्या फलंदाजालाही तो येताना दिसतो.

पण मला गुंतवून ठेवले ते ज्येष्ठांसाठी केलेल्या खास नियमांनी. एकेक नियम पाहताना वाटे, हा एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने लिहिला असावा. पहिल्या थांब्यावर एकाऐवजी दोन गाद्या शेजारी ठेवलेल्या असतात. नारिंगी गादी धावणाऱ्याची, पांढरी क्षेत्ररक्षकाची. दोघांनी एकाच गादीवर पाय ठेवायचा नाही, म्हणजे टक्कर नाही. धाव पूर्ण करण्याची शेवटची जागाही यष्टिरक्षकापासून वेगळी आखलेली असते. ज्याचे गुडघे दुखरे आहेत त्याने चेंडू मारून थांबा गाठावा. पुढे त्याच्याऐवजी दुसरा धावतो. त्यात कमीपणा नाही. एका डावात साधारणतः पाचच धावांची मर्यादा असते, म्हणजे दुबळ्या संघाला उन्हात तासभर ताटकळावे लागत नाही. मैदानात अकरा जण असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला धावपळ कमी येते. गट पाच-पाच वर्षांचे असतात, म्हणजे ऐंशीच्या माणसाची गाठ पासष्टीच्या 'तरुणा'शी पडत नाही.

आपल्याकडे वय वाढले की माणसाला खेळातून वजा केले जाते. येथे खेळातून धोका वजा करून माणूस ठेवला होता. वाचकहो, एवढा एक विचार आणला तरी विमानाचे भाडे वसूल झाले.

फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे 1930 साली स्थापन झालेल्या एका सॉफ्टबॉल क्लबाच्या नावातच 'पाऊण शतक' आहे, कारण तो पंचाहत्तरी गाठलेल्यांसाठी निघाला. जपानमध्ये 1988 पासून साठीपुढच्यांचा राष्ट्रीय मेळावा भरतो. त्यातही सॉफ्टबॉल आहे. म्हणजे हे एका गावाचे वेड नव्हे.

दादाची नाडी

मेळाव्याच्या जागी खेळाडूंसाठी रक्तदाब, साखर वगैरेंची विनामूल्य तपासणी असते. पहिल्या दिवशी दादाने ती हसत करून घेतली. सारे ठीक होते. दुसऱ्या सामन्याच्या सकाळी न्याहारीला बसलो असताना तो सहज म्हणाला, "काल रात्रीपासून थोडं धडधडतंय. उत्साह असेल." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी त्याचा हात हातात घेऊन पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. वेग जास्त होता, पण काळजी वेगाची नव्हती. ताल नव्हता. दोन ठोके जवळ, एक लांब, पुन्हा तीन जवळ.

"दादा, आज खेळायचं नाही."

तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "काकांना बसवलंस तसंच मला बसवणार का?"

घास घशात अडकला. काका म्हणजे माझे वडील. त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला तेव्हा ते रोज पहाटे मेहरूण तलावाला फेरी मारत. मी नवा डॉक्टर, भीती मोठी. "अण्णा, आता विश्रांती," असे मी सांगितले आणि पुढे ती विश्रांती कधी संपवलीच नाही. हृदय सावरले, पण माणूस खुर्चीत मावळत गेला. मांड्यांचे स्नायू झिजले, तोल गेला, न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. विश्रांतीची मुदत लिहून द्यायला मी विसरलो होतो, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. दादाला ते ठाऊक होते.

मी म्हणालो, "आज बसवतोय. कायमचं नाही. आणि मैदानावरच बसायचंय, खोलीत नाही. पण आधी दवाखाना."

तातडीने हृदयालेख काढला. निदान 'एट्रियल फिब्रिलेशन' असे झाले. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. अनेकांना याचे काहीच लक्षण जाणवत नाही. तेथल्या डॉक्टरांनी औषधे सुरू केली, काही तास देखरेखीखाली ठेवून सोडले, खेळ मात्र तूर्त बंद.

दुपारी आम्ही मैदानावर परतलो तेव्हा सामन्याचे अखेरचे डाव चालू होते. संघातल्या एकाने काही न बोलता धावफलकाची वही दादाच्या मांडीवर ठेवली आणि स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. 'बरं वाटतंय का?' हा प्रश्न कोणी दहा-दहादा विचारला नाही. "आता कोणाची पाळी?" असे मात्र सगळे त्यालाच विचारत होते. त्याचा संघ हरला. वही चोख लिहिलेली होती. संध्याकाळी डोंगर विस्तवासारखे लाल झाले तेव्हा तो म्हणाला, "बसवलंस, पण उठवायला विसरू नकोस."

नाही विसरलो. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाने परवानगी दिल्यावर, चार महिन्यांनी, तो आपल्या गावच्या मैदानात पुन्हा उतरला. आता थांबा गाठल्यावर त्याच्यासाठी दुसरा धावतो.

आपल्या अंगणात

हे सारे अमेरिकेत ठीक, आपल्याकडे काय, असे आपण म्हणाल. सॉफ्टबॉल आपल्याला परका नाही. आपल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांतून तो खेळला जातो. सॉफ्टबॉलच हवा असेही नाही. ज्येष्ठ नागरिक संघाची दहा-बारा मंडळी, रबरी चेंडू, हलकी बॅट आणि सपाट मैदान एवढ्यावर मित्रत्वाचा सामना होतो. नाताळच्या सुट्टीत परदेशाहून घरी आलेली समवयस्क मंडळी त्यात ओढली की तो आंतरराष्ट्रीयही होतो! मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि बरीच वर्षे व्यायाम न केलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. "खेळू का?" एवढेच विचारू नये, "किती आणि कसे खेळू?" असे विचारावे.

2. आठवड्यातून एकदा तरी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून एक मिनिट नाडी पाहावी. ताल चुकत असेल तर थांबू नये, दाखवावे.

3. खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे चालणे आणि हलके ताण अवश्य घ्यावेत. थंड स्नायू पहिल्याच धावेला दगा देतात.

4. बोलता येईल, पण गाता येणार नाही इतपतच दम लागावा. काही गोळ्यांनी नाडीचा वेग दबून राहतो. अशांनी नाडी मोजण्यापेक्षा ही खूण जपावी.

5. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून घड्याळ पाहून घोट-घोट पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांचे ऐकावे.

6. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. थरथर, घाम, गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर घेऊन बसावे.

7. दुहेरी नंबरच्या चष्म्यातून पायाखालची जमीन अंधूक दिसते. मैदानासाठी दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा.

8. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर दुखत नसले तरी रुग्णालयात न्यावे.

9. छातीत जडपणा, जबडा वा हात दुखणे, चक्कर, अवाजवी धाप यांपैकी काहीही झाले की डाव तेथेच थांबवावा आणि 108 ला फोन करावा. औषधांची नावे आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि तीन दिवस तोल व ताकद सांभाळणाऱ्या हालचाली सुचवते. चेंडूमागे चार पावले टाकणे, वाकणे, वळणे यात त्यातले बरेच काही हसतखेळत होते.

आणि काळजी घेणाऱ्या लेकी-सुनांनो, मुलांनो, आपली भीती मला समजते. ती माझीही होती. कधी कधी बसवावेच लागते. पण बसवताना दोन गोष्टी सांगायला विसरू नका: किती दिवस बसायचे, आणि कोठे बसायचे. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांकडून घ्या. दुसऱ्याचे उत्तर शक्यतो 'मैदानाच्या कडेला, वही घेऊन' असे असू द्या.

मी आता विश्रांतीचा सल्ला लिहिताना शेजारी तारीख घालतो. त्या तारखेला रुग्ण आला नाही, तर दवाखान्यातून फोन जातो.